सुर्ल्याच्या गड्याला शिकवलेले धावणे

मी इयत्ता पाचवीपर्यंत शिकलो; परंतु डिचोलीच्या मामलेदार कचेरीबाहेर माझ्या टेबलावरून गेलेला अर्ज अपुरा म्हणून कधी परत आला नाही. ज्यांनी मला हा अर्ज लिहिण्याचा धंदा शिकवला ते म्हणत, माणूस मूळ कुठला हे न लिहिलेला अर्ज उघडा असतो. भाषेच्या भांडणात कोंकणीवाल्यांची निवेदने मीच लिहिली आणि मराठीवाल्यांचीही. दोन्हींत हा नियम मी पाळला.

धावण्याचेही मला ज्ञान होते. तरुणपणी चोपड्याची फेरीबोट गाठण्यासाठी मी पेडण्याहून कागद घेऊन धावत जात असे. म्हणून, गोवा वेगळे राज्य झाल्याच्या आनंदात तालुक्याने मये तळ्यापर्यंतची आणि परतीची दौड जाहीर केली, तेव्हा सुर्ल्याच्या खाणीवरचा एक गडी माझ्याकडे आला. चंदगडकडचा, खनिजाच्या ट्रकांवर राबणारा, तिशीतला. पहिल्या तिघांत आलेला राज्याच्या संघात जाणार होता, आणि संघात गेल्यास त्याला कायम करण्याचा शब्द मुकादमाने दिला होता.

तो अनवाणी धावे. टाचांना भेगा. मी त्याला सांगितले, बूट संध्याकाळी घ्यावेत, पाय तेव्हा सुजलेला असतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी. आणि नवे बूट शर्यतीच्या दिवशी कधीच घालू नयेत. त्याने कॅनव्हासचे घेतले आणि पंधरा दिवस खाणीवर वापरून लाल केले. काखेत व मांड्यांना खोबरेल लावायला मी शिकवले. दौडीआधी दोन तास पेज, उंडो नको, तो पाव पोटात दगड होतो.

"आठवड्यातून एकदाच जोरात धाव, तेही चढावर. बाकी दिवस इतके सावकाश, की धावता धावता बोलता आले पाहिजे."

"बोलू कुणासंगं, रायटरसाहेब? ट्रकासंगं?"

"माझ्याशी बोल."

मग पहाटे, ट्रक सुरू होण्यापूर्वी, मी सायकलवर आणि तो शेजारी. खनिजाची धूळ उडू लागली की ओले फडके नाकाला. तो गावाकडच्या गोष्टी सांगे आणि दर आठवड्याला थोडे थोडे अंतर वाढवी. हा माणूस माझ्या हाताखाली घडत आहे, असे मला वाटे, आणि तसे मी चारचौघांत सांगतही असे.

दौडीत तो दुसरा आला. तळ्यावरून परतताना ओळीने तिघे त्याच्यामागे पडले; मी शिकवल्याप्रमाणेच त्याने शेवटच्या मैलासाठी दम राखला होता.

संध्याकाळी मंडपात संघाची यादी वाचली, त्यात तो नव्हता. मी कारकुनाच्या टेबलाशी गेलो. त्याने प्रवेशपत्र माझ्यापुढे सरकवले.

"हो घांटी मरे! नेम गोंयकारांचो. तुवेंच बरयलां न्हय?"

नेम असा, की संघात गोवेकरच घ्यायचे; हा घाटावरचा ठरला. प्रवेशपत्रात पत्त्याचा रकाना एकच होता, 'राहणार'. त्यात सुर्ला एवढे पुरले असते. तिथे माझ्या वळणदार अक्षरात होते: 'राहणार सुर्ला, मूळ राहणार तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर'. त्याला एका शब्दाने न विचारता मी ते लिहिले होते. बाकीचे गडी मूळचे कुठले, हे कोणी पाहिले नाही. त्यांचे कागद त्यांनी स्वतः भरले होते, अर्धवट.

मी मंडपाबाहेर येऊन त्याला सांगितले. विनंती अर्ज करीन, वरपर्यंत जाईन, असेही म्हणालो.

तो बुटांची नाडी सोडत होता. "पळायचं समदं शिकवलंसा. पर कागुद माझा हुता न्हवं? इचारायचं तरी."

"नियमाप्रमाणे..."

"त्यो तुमचा नियम, साहेब."

मी तीन अर्ज केले. एकाचेही उत्तर आले नाही. मुकादमाने शब्द मागे घेतला. पावसात खाण थांबली तेव्हा तो घाट चढून गेला, तो परत आला नाही. जाण्यापूर्वी बूट माझ्या टेबलाखाली ठेवून गेला. मी नव्हतो तेव्हा.

आजही दौडीची तयारी करणारे माझ्याकडे येतात. बूट, खोबरेल, पेज, सगळे मी सांगतो. प्रवेशपत्र पुढे केले, की पेन त्यांच्या हातात देतो. "भरा तुम्हीच," म्हणतो, आणि दुसरीकडे बघतो.