कृष्णात मिस्त्रीचं नाक

कोल्हापुरात आता दोन-स्ट्रोक गाड्या राहिल्यात तरी किती? पण ज्यांच्याकडं आहेत ती माणसं एक वेळ बायकोचा वाढदिवस विसरतील, गाडीचं सर्व्हिसिंग विसरणार नाहीत. ही सगळी वेडी जमात जिथं जमते ती जागा म्हणजे उद्यमनगरच्या मागच्या गल्लीतली पत्र्याची शेड आणि तिथला कृष्णात मिस्त्री. वय पंचावन्न, अंगानं काटक, बोलायला मिरची. गिऱ्हाईकानं नुसतं "मामा, मला वाटतंय कार्बेटरमधीच कायतरी..." एवढं म्हटलं तरी हा हातातला पाना खाली ठेवायचा.

"तुला वाटतंय न्हवं? मग तूच कर की. मी च्या पिऊन येतो."

तरी लोक शिव्या खाऊन त्याच्याकडंच यायचे, कारण त्याचं नाक. दोन-स्ट्रोक गाडीला तेल पेट्रोलातच मिसळून पाजावं लागतं, त्यामुळं प्लग काळा पडणं हे तिचं जन्माचं दुखणं. प्लग ओला आणि काळा झाला की ठिणगी पडत नाही, आणि किका मारून मारून माणसाची पोटरी भरून येते. पण काळं पडण्याची कारणं निरनिराळी. एक तर इंजिनात पेट्रोल जास्त जातंय. मग कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा पितळी जेट बारीक भोकाचा घालायचा, दहा मिनिटांचं काम. नाहीतर आत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं क्रँकचं रबरी सील फाटलंय आणि गिअरबॉक्समधलं तेल गुपचूप इंजिनात शिरून जळतंय. मग इंजिन उघडून सील बदलण्यावाचून सुटका नाही. दोन्ही दुखण्यांत प्लग सारखाच काळा दिसतो. बाकीचे मिस्त्री अशा वेळी गिअरचं तेल कमी झालंय का ते बघतात. कृष्णात प्लग नाकाशी धरायचा, एक श्वास ओढायचा आणि निकाल देऊन मोकळा व्हायचा. त्याचा निकाल कधी फिरला नाही. "नाक हाय तवर माप कशाला?" असं म्हणून तो समोरच्याला गप्प करायचा आणि गल्लीतले बाकीचे मिस्त्री मनातल्या मनात जळायचे.

मग करोनाची दुसरी लाट आली. कृष्णात बारा दिवस तापानं फणफणला, पण त्यातून उठला. महिनाभरानं तिखट-मीठ कळायला लागलं. वास मात्र गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. त्यानं वाट बघितली. शेडमध्ये कोण नसताना पेट्रोलच्या कॅनचं झाकण काढून तो तोंड आत घालायचा, आणि पाण्याची घागर हुंगावी तसं काहीच कळायचं नाही. एकदा तर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पेट्रोलच्या वाफेनं की आणखी कशानं, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

पण सांगणार कुणाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि खरं सांगायचं तर मूठ उघडायची वेळही येत नव्हती. काळा प्लग घेऊन येणाऱ्या दहा गाड्यांतल्या नऊ गाड्यांना पेट्रोलच जास्त जात असतं. कृष्णात पूर्वीसारखाच प्लग नाकाशी न्यायचा, पूर्वीसारखाच एक श्वास ओढायचा आणि म्हणायचा, "पेट्रोल लई पितीया." बारीक जेट घालायचा, गाडी सुरू व्हायची, गिऱ्हाईक खूश. दहावी गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडं जात असेल किंवा तिला आणखी काही होत असेल. तिचा विचार तो करत नव्हता. म्हणजे दिवसा करत नव्हता.

अशी चार वर्षं गेली, आणि ऋतुराजची गाडी आली.

ऋतुराज सत्तावीस वर्षांचा, घरी बारा म्हशी. सकाळी दूध घालायचं आणि उरलेला दिवस गाडीच्या नावानं. बंगळुरूहून त्यानं जुनी परदेशी दोन-स्ट्रोक डर्ट बाइक आणली होती. उंच, हडकुळी, दातेरी टायरांची, रस्त्यावर न चालणारी आणि माळावर न ऐकणारी. रविवारी कळंब्याच्या पुढच्या माळावर शर्यत होती. आठवड्याभरात तिसऱ्यांदा तिचा प्लग काळा पडला, तशी शुक्रवारी तो ती टेम्पोत घालून शेडवर घेऊन आला.

"मामा, बघा की. नवा पलग घातला, दोन फेऱ्यांत ह्ये आसं." त्यानं हातावर प्लग ठेवला. काळा, ओला, बोटाला चिकटणारा.

कृष्णातनं तो बोटांत फिरवला. बोटांना तो जरा जास्तच बुळबुळीत लागला. क्षणभर त्याच्या मनात आलं, गिअरच्या तेलाचा बोल्ट काढून बघावा. दोन मिनिटांचं काम. पण ऋतुराज तोंडाकडं बघत होता, शेजारच्या शेडमधला वेल्डर चहाचा ग्लास घेऊन उगाच येऊन उभा होता, आणि आजवर गाडीचं तेल मोजून बघितलेला कृष्णात मिस्त्री कुणी पाहिलेला नव्हता. त्यानं प्लग नाकाशी नेला.

"पेट्रोल," तो म्हणाला. "दुसरं काय न्हाय. जेट बारीक करू."

"मग रविवारी बिनघोर?"

"मी सांगितलं न्हवं?"

ऋतुराजनं मान डोलावली. मामानं सांगितलं म्हणजे झालं.

शनिवारी दुपारी कृष्णात जेवायला घरी आला. हात धुऊन पाटावर बसला. संयोगितानं, त्याच्या बायकोनं, त्याच्या खिशातलं तेलकट फडकं धुण्यात टाकायला काढून घेतलं आणि जाता जाता विचारलं,

"काल कुणाचा गिअर उघडलासा?"

"कुणाचा न्हाय. का?"

"मग ह्या फडक्याला गिअरच्या तेलाचा वास कसा?"

कृष्णातचा घास हातातच राहिला. काल त्या फडक्यानं त्यानं एकच गोष्ट पुसली होती, ऋतुराजचा प्लग.

"नीट बघ. पेट्रोलचा आसंल."

"पेट्रोलचा?" संयोगिता कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अवो, तेवीस वर्षं तुमचं कपडं धुतोय मी. पेट्रोल दोरीवर वाळत घातलं की उडून जातंय. गिअरचं तेल दोन धुणी झाली तरी जात न्हाय, सडक्या लसणागत घमघमतंय. मला शिकवतायसा व्हय?"

ती जवळ आली, त्याच्यासमोर खाली बसली आणि आवाज उतरवून म्हणाली, "तुमास्नी वास येत न्हाय, ते मला चार वर्षं ठावं हाय. दूध उतू जाऊन करपत हुतं आन् तुम्ही शेगडीच्या शेजारी पेपर वाचत बसला हुतासा. म्हटलं, माणसाचं एवढंच तर मोठेपण हाय, आपुन कशाला बोट लावा? माझंबी चुकलंच."

दुसरी वेळ असती तर या बोलण्यानं कृष्णातला रडू कोसळलं असतं. आता त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, कालचा बारीक जेट. गाडीचं दुखणं गिअरच्या तेलाचं असेल तर तिला पेट्रोल जास्त जातच नव्हतं. आणि यानं ते आणखी तोडलं. दोन-स्ट्रोकमध्ये पेट्रोल तुटलं की त्याच्याबरोबरचं तेलही तुटतं. भर वेगात पिस्टन तापून सिलिंडरमध्ये घट्ट अडकला की मागचं चाक जागच्या जागी थांबतं. चाक थांबतं, वर बसलेला माणूस थांबत नाही.

आणि ऋतुराज आज दुपारी सराव करणार होता.

त्यानं फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. ताट तसंच टाकून तो उठला, मोपेड काढली आणि कळंब्याच्या दिशेनं निघाला. वाटेत कळंबा जेलच्या भिंतीपाशी थांबून त्यानं तिसऱ्यांदा फोन केला. पलीकडून कुणीतरी अनोळखी आवाजात ओरडलं, "कोण बोलतंय? ऋतुराज पडलाय हितं!"

तो पोचला तेव्हा ऋतुराजला गाडीत घालून नेलं होतं. माळावर दहा-पंधरा पोरं उभी होती. बाइक आडवी पडली होती. एकानं सांगितलं, सरळ वाटेवर चांगला पळवत होता, एकदम चाक कचकन थांबलं आणि हा समोरच्या दगडांत. मांडीचं हाड मोडलंय, शुद्धीवर हाय. दुसरा म्हणाला, "पेट्रोलात तेल कमी टाकलं आसणार. मापात कच्चं हायच ते."

कृष्णातनं बाइक उभी केली. किक मारून बघितली. पाय दगडावर मारावा तशी ती हलेना. मग त्यानं खिशातला पाना काढून गिअरच्या तेलाची पातळी बघायचा बोल्ट सोडला. तेल पुरेसं असलं तर त्या भोकातून ते ओघळायला पाहिजे. एक थेंबही आला नाही. त्यानं गाडी त्या अंगाला वाकवली, आणखी वाकवली. काही नाही. काल शेडमध्ये वेल्डरसमोर हाच बोल्ट त्याला सोडवला नव्हता.

दवाखान्यात ऋतुराजचा पाय फळीला बांधून ठेवला होता. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण मामा दिसल्याबरोबर त्यानं उठायचा प्रयत्न केला.

"मामा, माझंच चुकलं बघा. तेल मोजताना हात हलला आसंल. तुम्ही एवढी चांगली करून दिलतासा आन् मी वाट लावली."

कृष्णात खाटेच्या कडेला उभा राहिला. बस असंही त्याला कुणी म्हटलं नव्हतं आणि तो बसलाही नाही. मघाशी माळावरची पोरंही हेच म्हणाली होती. उद्या गल्लीतही हेच म्हणतील. आजकालच्या पोरांना माप नाही, मिस्त्री बिचारा काय करणार. त्यानं नुसतं "व्हय" म्हटलं असतं किंवा काहीच म्हटलं नसतं, तरी त्याचं नाव आयुष्यभर शाबूत राहिलं असतं. ते "व्हय" त्याच्या ओठावर आलंही होतं, हे सांगायला हवं. माणूस काही धुतल्या तांदळाचा नव्हता.

माळावरून त्यानं फोनवर कळवलं होतं, तशी संयोगिता दारात येऊन उभी राहिली होती. हातात डबा होता.

"तेलाचं माप बरोबर हुतं तुझं," कृष्णात म्हणाला. "सील फाटलंय. गिअरचं तेल समदं इंजिनानं खाल्लंय. मी उलटं औषध दिलं. जेट बारीक केला."

ऋतुराजला कळेना. "पर मामा, तुम्ही वास घेतलासा की."

"मला वास येत न्हाय, ऋतुराज. करोना झाल्यापासनं न्हाय. कशाचाबी."

खोलीत पंखा कुरकुरत होता. ऋतुराजनं त्याच्याकडं बघितलं. शिव्या देईल, रडेल, तोंड फिरवेल, यातलं काहीही कृष्णातनं सोसलं असतं. त्याची तयारी होती. पण ऋतुराज शांतपणे एवढंच म्हणाला,

"चार वर्षांत आशा किती गाड्या सोडलासा, मामा?"

याची तयारी कृष्णातची नव्हती. माळावरून दवाखान्यात येईपर्यंत त्यानं स्वतःला लाख दूषणं दिली होती, पण ती सगळी एका पायासाठी, एका पोरासाठी. त्यापलीकडं त्याचं मन गेलंच नव्हतं. तो खोलीबाहेर आला आणि व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसला. संयोगिता शेजारी येऊन बसली. त्यानं खिशातून फोन काढला आणि तिच्या हातात दिला.

"नावं वाच. गाडीवाल्यांची. मी सांगतो त्याला लाव."

पहिला फोन राधानगरीच्या दूधवाल्याला लागला. "मी कृष्णात मिस्त्री. तुझ्या गाडीचा पलग मी नुसत्या वासावर पास केलता. मला वास येत न्हाय. गिअरचं तेल बघितल्याबिगर गाडी चालवू नको." पलीकडचा हसला. मामा आज दुपारीच दारू लावून बसलाय, असं त्याला वाटलं. कृष्णातनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तेव्हा हसणं थांबलं. दुसऱ्यानं शिवी घातली आणि फोन ठेवला. तिसऱ्यानं गाडी दोन वर्षांमागंच विकली होती; कुणाला, ते त्याला आठवेना. प्रत्येक वेळी कृष्णात ते वाक्य पुरतं बोलायचा. येणारे-जाणारे थांबून बघत होते. संयोगिता मान खाली घालून पुढचं नाव वाचत होती.

सातवा फोन शिरोळच्या उदयसिंहाला. कृष्णातचं बोलून झालं. मग उदयसिंह हळू म्हणाला, "मिस्त्री, आधी का न्हाय सांगितलासा? तुमच्या शब्दावर मी रोज लेकीला मागं बसवून शाळंत सोडतोय."

"सोमवारी सोडू नको," कृष्णात म्हणाला. मग त्यानं संयोगिताला पुढचं नाव विचारलं.