एकदाण्याची शेंग

संशयी म्हणून मी आमच्या घरात बदनाम आहे. असू दे. दुसरीच्या वर्गाला संशयी बाईच लागते.

पहिल्यांदा गुणाकार शिकवायला घेतला त्या दिवशी अख्ख्या वर्गाने बेचा पाढा इतका खणखणीत म्हटला की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सगळ्यात वरचा आवाज पहिल्या बाकावरच्या मुलीचा. तिला विचारलं, बे पंचे दहा म्हणजे गं काय? ती म्हणाली, बे सक बारा. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

म्हणून मी टोपलीभर शेंगा आणल्या. सोलापुरात त्यांना काय तोटा? एका शेंगेत दोन दाणे, पाच शेंगा घ्या, फोडा, मोजा. वर्गात टरफलांचा नुसता खच पडायचा. मी शिकवत होते फळ्याकडे तोंड करून, पण कान मागे होते, कोण चावतंय ते ऐकायला.

ही बातमी त्या मुलीच्या आजोबांपर्यंत गेली. जन्म यंत्रमागावर काढलेला माणूस, नातीला पाढे त्यांनीच पाठ करून घेतलेले. एके दिवशी ते हात मागे बांधून दारात उभे राहिले आणि टरफलांकडे असे बघू लागले, जणू सगळ्या शेंगा मीच फस्त केल्या होत्या. पोरगी आता पाढा म्हणताना मधेच थांबते, विचार करते, अशी त्यांची तक्रार. हेच चालणार असेल तर तिला पार जुळे सोलापूर भागात थोरल्या मुलाकडे ठेवतो, तिथल्या शाळेत रोज पाढे घेतात, म्हणाले.

ती पोर नुकतीच आपणहून हात वर करायला लागली होती. मला ती जायला नको होती. मी म्हटलं, बसा, तुम्हीच विचारा तिला.

त्यांनी स्वतः टोपलीतून सहा शेंगा उचलून तिच्यापुढे ठेवल्या. माझा हात लागू दिला नाही. दाणे किती? ती म्हणाली, बारा. फोड, म्हणाले. तिने फोडल्या, मोजले. अकरा भरले.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच शेजारच्या मुलीच्या गालांकडे पाहिलं. गाल रिकामे होते. झालं, मनात म्हटलं, गेली पोर.

ती मात्र टरफलं चिवडत होती. एक आखूड टरफल तिने उचललं आणि आजोबांच्या तळहातावर ठेवलं.

"ही एकदाण्याची हाय, आजोबा. हिला पाढ्यात घ्यायचं न्हाय. सगळ्यांत सारखेच पायजेत की."

आजोबा ते टरफल उलटंसुलटं करत राहिले. मग उठले आणि निघून गेले. रात्रभर मला वाटत होतं, उद्या दाखला मागायला येणार.

सकाळी ते आले ते पिशवी घेऊन. शेंगा होत्या, एकेक पारखून घेतलेल्या. मी त्यातली एक कानाशी नेऊन हलवली.

"फोडून बघा, बाई," ते म्हणाले. "दोनच निघतील."

मी फोडली. दोनच निघाले. पहिल्या बाकावर ती हात वर करून बसली होती.