ओढणीवरचा ओरखडा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. मी केमिस्ट्रीचा एम.एस्सी. माणूस. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटते...

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपूरच्या एका संग्रहालयात मी नोकरीला होतो. चित्राला हात न लावता त्यातले रंग ओळखायचे, हे आमचं काम. पडदे ओढून जांभळा, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट दिवा लावला की काही रंग चमकतात, काही काळे दिसतात. माझ्या हाताखाली देवाजी होता — रामटेककडचा, मॅट्रिक नापास, आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हा गडी दिव्याशिवाय, नुसतं बघून रंग सांगायचा. आणि बरोबर सांगायचा! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा भोसल्यांच्या काळातलं चित्र आलं. पोपट घेतलेली बाई, पिवळी ओढणी. मी म्हणालो, हा हरताळ, खनिजाचा पिवळा; दिव्याखाली चमकणार नाही.

"नाही जी सायेब," देवाजी म्हणाला. "हा गाईच्या मुताचा पिवळा आहे. दिव्याखाली पाहा, चमकते का नाही."

दिव्याचा बल्ब नेमका गेलेला, नवा मुंबईहून यायचा होता. त्यात क्युरेटर साहेबांनी जाहीर केलं — ज्याचं बरोबर ठरेल, तो लखनौला ट्रेनिंगला जाईल.

जेवणाच्या सुट्टीत ओढणीच्या खालच्या कोपऱ्यातून कणभर रंग खरवडायचा, गुपचूप टेस्ट करायची, चुकत असेन तर आधीच मत बदलायचं... असं मी ठरवलं. आमच्या कामात हे पापच. सकाळी नवं ब्लेड खिशात टाकलं. बायकोलाही बोललो नाही.

पण सुट्टीच्या आधीच, अकराला बल्ब आला. दिवा लावला आणि ओढणी लख्ख पिवळी चमकली. देवाजीच बरोबर! पण खालच्या कोपऱ्यात, मी हेरलेल्या जागीच, नखाएवढा काळा ओरखडा.

"सायेब, हे कोनं खरवडलं जी?"

पडदे उघडले. रंग शाबूत. पुन्हा अंधार केला — ओरखडा हजर. फोटो काढला, त्यातही आला. खिशातल्या ब्लेडचा कागदसुद्धा उघडलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र दिव्याखालीही ओरखडा दिसेना.

लखनौला निघताना देवाजी म्हणाला, "सायेब, तुमी चित्राले हात लावणार नाही, मले माहीत आहे."

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. न केलेली गोष्ट त्यात कशी उतरली, मला सांगता येत नाही. देवाजीचा हेवा आजही वाटतो... आणि ब्लेडचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.