लसूण घातलेल्या बाटल्या

मीना गावित मूळची सुरगाण्याकडची. माहेरी डोंगरउतारावर भात आणि नागली. लग्न होऊन नाशकात आली ती थेट अंबडजवळच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. नवरा हिरामण तिथल्याच एका कारखान्यात लेथवर होता. मातीला हात लागायचा तो तुळशीच्या कुंडीपुरता. पुढे पाथर्डी फाट्याच्या बाजूला रो-हाउस घ्यायचं ठरलं. हिरामण फरश्या ठोकून बघत होता, तेव्हा मीना मागचं दार उघडून उभी राहिली. बाहेर कुंपणापर्यंत जमिनीचा एक चिंचोळा पट्टा होता, त्यात बिल्डरच्या माणसांनी विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे लोटून दिले होते.

"हेच घर घेऊ," ती म्हणाली. स्वयंपाकघर तिने अजून बघितलंही नव्हतं.

राडारोडा तिने एकटीने उपसला. गोणीगोणीने माती आणि शेणखत आणून टाकलं. आधी मिरची झाली, वाल झाला, आणि मग एका दिवाळीनंतर तिने गिरणाऱ्याकडच्या रोपवाटिकेतून लांबुळक्या टोमॅटोची रोपं आणली. हा टोमॅटो कापला तर पाणी सांडत नाही, बिया थोड्या आणि आत नुसता गर. बांबू रोवून, सुतळी ताणून तिने रोपं उभी केली. ढगाळ हवा पडली की ती सकाळी उठून पहिल्यांदा पानांच्या खालची बाजू बघायची, करपा आला तर नाही ना म्हणून. सासू चिमणाबाई ओट्यावर बसून म्हणायची, "पोरांना नाय बघितलं एवढं उलटंपालटं करून."

झाडांनी पांग फेडले. पण या जातीची एक खोड असते, सगळी फळं एकदमच पिकतात. थंडी ओसरली आणि आठवड्याभरात घरात पाटी, बादली, परात, जिकडे बघावं तिकडे टोमॅटो. मीनाने गर आटवला, जॅमच्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या उकळून घेतल्या आणि गरम गर त्यांत भरला. प्रत्येक बाटलीत लिंबू पिळायचं, हे तिला माहीत होतं. पहिल्या दिवशी तिने पिळलंही. शेवटच्या घाण्याला लिंबं संपली. आता फाट्यापर्यंत चालत जाऊन कोण आणणार? टोमॅटो आंबटच असतो की, असं म्हणून तिने झाकणं लावली. त्याच घाण्यात तिने तेलावर परतलेला लसूणही घातला, कारण कळवणला दिलेली तिची नणंद ज्योत्स्ना हिला लसणाचा स्वाद फार आवडायचा.

ज्योत्स्ना माहेरपणाला आली तेव्हा दोन बाटल्या घेऊन गेली. एक बाटली शेजारच्या आशाताईंना दिली. आशाताई एका खासगी दवाखान्यात नर्स होत्या, घरी त्यांचे सासरे केरूनाना एकटेच असायचे. बाकीच्या बाटल्या मीनाने फळीवर मांडल्या.

होळी होऊन गेली होती, उन्हाचा चटका वाढला होता. दुपार कलताना मीना भाजी निवडत बसली असताना फळीवरून टक् असा आवाज आला. बघते तर एका बाटलीचं झाकण मधोमध फुगलेलं. शेजारच्या बाटलीचंही तसंच, आणि तिच्या कडेने बारीक फेस येत होता.

"वरचं चमचाभर काढून टाक," चिमणाबाई म्हणाली. "खालचं चांगलंच असंल. एवढं कष्टाचं फेकतंय का कोणी?"

मीनाचा हात झाकणापर्यंत गेला होता. पण काय वाटलं कोण जाणे, तिने आधी आशाताईंना फोन लावला.

"बाटली फुगलीय? उघडू नका, मीनाताई. चव तर मुळीच घेऊ नका." आशाताईंचा आवाज एकदम बदलला. "त्यात काय काय घातलं होतं?"

मीनाने सांगितलं. लिंबाचंही सांगितलं.

"बंद बाटलीत आंबटपणा कमी पडला, वर तेल-लसूण असला, तर एक विष तयार होतं. वास येईलच असं नाही. माणसाला एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते, मग श्वास अडकतो. अजून कुणाला दिलीय बाटली?"

"तुम्हालाच दिलीय," मीना म्हणाली.

मग आशाताई म्हणाल्या, "मी खाल्लं नाही, पण नानांचं माहीत नाही. त्यांच्याकडे जा. आत्ताच्या आत्ता."

मीना चप्पल न घालताच धावली. केरूनाना पंख्याखाली आरामात बसले होते. मोरीत बाटली पालथी घातलेली होती, घासून लख्ख.

"नाना, यातलं तुम्ही खाल्लं?"

"काल खाल्लं, आज सकाळीही. भाकरीला लावून. चांगलं केलंस गं पोरी."

"गरम केलं होतं?"

"चटणी कशाला गरम करायची?"

"लसूण होता का त्यात?"

नाना विचारात पडले. "कोरोना झाल्यापासून मला वासच येत नाही. चवही अर्धीच. तांबडं होतं, एवढं सांगतो."

बाटल्यांवर मीनाने काही खूण केली नव्हती. आशाताईंना कुठल्या घाण्यातली बाटली दिली, हे काही केल्या आठवेना. तिने नानांना रिक्षात बसवलं आणि आशाताईंच्या दवाखान्याकडे निघाली. वाटेत तिला ज्योत्स्ना आठवली, आणि तिच्या दोन्ही बाटल्या लसणाच्या होत्या हे मात्र पक्कं आठवलं. पाठोपाठ दुसरी गोष्ट आठवली. आज ज्योत्स्नाच्या मुलीचा वाढदिवस होता. सकाळीच ती फोनवर हौसेने म्हणाली होती, "संध्याकाळी गल्लीतली सगळी पोरं बोलावलीत. ब्रेड-पिझ्झा करतेय, तुझ्याच बाटल्यांतला सॉस लावून."

मीनाने फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. परत लावला. शेजारी नानांनी मोठी जांभई दिली, तशी ती दचकली.

"नाना, माझ्याकडे बघा. किती मीना दिसतात?"

"एकच दिसते. तीही घाबरलेली. झालंय काय?"

तिच्याने सांगवेना. द्वारका चौकातल्या गर्दीत रिक्षा अडकली. तिने नंदोईंना, ज्योत्स्नाच्या नवऱ्याला, फोन लावला, तो लागेना. पुन्हा ज्योत्स्नाला लावला. दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा कुठे फोन उचलला गेला. मागे मोठ्याने गाणं वाजत होतं.

"वहिनी, नंतर बोलते गं, पोरं बसलीत..."

"कुणी खाल्लं का?"

"काय?"

"सॉस, ज्योत्स्ना! माझा सॉस कुणी खाल्ला का?"

"प्लेटा भरून ठेवल्यात. केक कापला की देणार. का गं?"

"सगळं फेकून दे. एकाही पोराच्या हातात देऊ नकोस. बाटल्या खराब निघाल्यात, त्यात विष झालं असेल."

गाणं बंद झालं. ज्योत्स्ना आवाज दाबून बोलू लागली, पण त्यातला राग लपत नव्हता. "वहिनी, आख्खी गल्ली बसलीय माझ्या दारात. शेजारणी आल्यात. सगळ्यांना सांगून बसलेय, माझ्या वहिनीच्या घरच्या टोमॅटोचं आहे म्हणून. आता त्यांना काय सांगू? विष घालत होते?"

"हेच सांग. माझं नाव घेऊन सांग. पण फेक."

फोन कट झाला. तिने फेकलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

आत डॉक्टरांनी नानांचे डोळे बघितले, हात दाबायला लावला, पाणी गिळायला लावलं. "आत्ता काही दिसत नाही," ते म्हणाले, "पण लक्षणं उशिराही येतात. ठेवून घेऊ." आशाताई नानांच्या उशाशी बसून राहिल्या. मीनाशी त्या बोलल्या नाहीत, वाईटही बोलल्या नाहीत. मीना बाकावर बसली. कारखान्यातून हिरामण आला आणि शेजारी बसला. बऱ्याच वेळाने त्याचा फोन वाजला. नंदोई बोलत होते. सगळं फेकलं होतं, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून खड्ड्यात पुरलं होतं. पोरांना नुसता केक आणि वेफर्स देऊन घरी पाठवलं होतं. ज्योत्स्ना खोलीचं दार लावून बसली होती.

मीनाने तोंडावर पदर घेतला आणि दिवसभरात पहिल्यांदा रडली.

केरूनानांना काहीच झालं नाही. दवाखान्यातली पेज त्यांना आवडली नाही, एवढीच त्यांची तक्रार. त्यांनी खाल्लेली बाटली लिंबाची होती, की लसणाची असून नशिबाने वाचले, ते कुणालाच कळलं नाही. फळीवरच्या बाटल्या मीनाने आशाताईंनी सांगितल्याप्रमाणे हातमोजे घालून, न उघडता, पिशवीवर पिशवी बांधून फेकून दिल्या. चिमणाबाई बघत होती, पण या वेळी कष्टाचं काही बोलली नाही. उलट तिनेच फळी दोनदा धुतली.

ज्योत्स्नाने पावसाळा संपेपर्यंत फोन केला नाही. मीना करायची, तेव्हा मुलगी उचलून म्हणायची, "आई कामात आहे." आशाताईंशी मात्र बोलणं लवकर सुरू झालं. एकदा कुंपणावरून त्या म्हणाल्या, "तुम्ही फोन केलात म्हणून निभावलं. पुष्कळ जणी गुपचूप फेकून मोकळ्या झाल्या असत्या." मीनाला ते ऐकून बरं वाटलं नाही. कारण झाकण उघडायला गेलेला आपला हात तिला आठवत होता.

दिवाळीनंतर रोपं लावायची की नाही, हे तिचं ठरत नव्हतं. एका रविवारी हिरामणने नुसते बांबू काढून अंगणात ठेवले, आणि मग तिने लावली. या खेपेला गर आटवून डब्यांत भरला आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला, बाटलीला हात लावला नाही. जागा पुरेना तेव्हा उरलेले टोमॅटो तसेच वाटून टाकले.

ज्योत्स्ना त्या दिवसांत आईला बघायला आली. निघताना मागच्या दाराशी थांबली. झाडं लाल झाली होती.

"आख्खेच दे थोडे," ती म्हणाली. "माझं मी बघते काय करायचं ते."

मीना पाटी घेऊन वाफ्यात उतरली आणि कडक, भरलेले टोमॅटो निवडून तोडू लागली. थोड्या वेळाने ज्योत्स्नाही साडी खोचून दुसऱ्या टोकाने तोडायला लागली.