वरच्या मजल्यावरची भांडी

उमरग्यात आमच्या घराचा वरचा मजला एका कोरियन मिशनरी कुटुंबानं भाड्यानं घेतला. त्यांच्या येण्यापेक्षा मला आनंद झाला तो माझ्या वर जाण्याचा. लग्नाला चार वर्षं झाली होती. डी.एड.चं सर्टिफिकेट कपाटात साड्यांच्या खाली होतं आणि मी पोळ्या लाटत होते. बाजारात नवरा जायचा, देवळात जाताना सासूबाई सोबत असायच्या, माहेरी जायचं तर भाऊ न्यायला यायचा. कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. फक्त फाटकाबाहेर एकटीनं पाऊल टाकायला माझ्याकडे काही कारणच नव्हतं.

वर ते तिघं होते. नवरा, बायको आणि बालवाडीतली मुलगी. नवरा सकाळी मोटारसायकल काढून खेड्यांतल्या चर्चच्या कामाला निघून जायचा. बायको तिच्या देशात नर्स होती. इथल्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या, आजारी बायकांजवळ बसायचं, त्यांची सेवा करायची, एवढ्यासाठी ती घरदार सोडून आली होती. पण तिच्या या कामासाठी त्यांच्या संस्थेची अट होती. वर्षभरात मराठी बोलायला शिकायचं, परीक्षा द्यायची आणि पास झालं तरच काम. तोवर घरात बसायचं. म्हणजे ती वर कोंडलेली आणि मी खाली. तिला शिकवायचं काम माझ्याकडे आलं आणि सासूबाईंनी दुपारचा एक तास मंजूर केला. त्या जिन्याच्या तोंडाशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. एक डोळा तांदळावर, एक घड्याळावर.

पहिल्याच आठवड्यात गल्लीतून भांडी यायला लागली. नवीन बिऱ्हाड म्हटल्यावर आमच्याकडे तसं येतंच. समोरच्या चाचींनी खीर पाठवली, शेजारच्या काकूंनी शेंगांची चटणी, कोपऱ्यावरच्यांनी धपाटे. तिनं भांडी लख्ख घासली आणि मला विचारलं, "ताई, हे परत कसं देऊ?"

मी मास्तरणीच्या थाटात सांगितलं, "रिकामं भांडं परत करायचं नाही. काहीतरी घालून द्यायचं."

तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

यापुढचं अर्धं सांगायचं राहिलं. घरात काही नसलं, हात मोकळा नसला, की आम्ही भांड्यात साखरेचे चार दाणे टाकतो आणि देतो. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. हे माझ्या ओठांवर होतं, पण खालून हाक आली, "तास झाला की गं!" आणि मी उठले. त्या दिवशी ते खरंच राहून गेलं. नंतर मात्र मी ते राहू दिलं.

कारण ती स्वयंपाकाला लागली. कुणाकडे काय चालतं, कुणाकडे काय चालत नाही, हे तिला कळेना, म्हणून सगळ्यांसाठी बटाट्याचं काहीतरी, नाहीतर तांदळाच्या पिठाचे वाफवलेले गोळे. भांडं काठोकाठ भरून द्यायची. गल्ली खूश. खूश झालेली गल्ली आणखी मोठं भांडं पाठवायची. मी वर जायचे तेव्हा ती पिठानं माखलेली असायची आणि पुस्तक फ्रिजवर पडलेलं.

मी खाली येऊन सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, म्याडमला आपला स्वैपाक जमंना. दाखवावा लागतोय."

"मग जा की अजून तासभर," त्या म्हणाल्या. "परक्या मुलखातली बाई हाय, उपाशी मराय नको."

असे माझे दोन तास झाले. त्या दोन तासांचं सुख मी कुणाला सांगू! वरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हैदराबादकडे जाणारे ट्रक दिसायचे. मी ओट्यावर बसायचे, पाय हलवत. आमच्या घरात सून ओट्यावर बसत नाही. मी बटाटे सोलायचे आणि मोठ्यांदा हसायचे, तीही हसायची. पुस्तकाचा विषय मी काढत नव्हते. तिची मराठी भाजीपाल्यापुरती झाली होती. दुखतंय कुठं, ताप कधीपासून, गोळी घेतली का, हे सगळं पुढच्या धड्यांत होतं आणि तिथवर आम्ही पोचतच नव्हतो.

मग येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. त्या दिवशी माणसं शेतात जाऊन मिसळीच्या भाज्यांची भज्जी, भाकरी, आंबील असं जेवतात आणि येताना शेजाऱ्यांसाठी डबे भरून आणतात. दुसऱ्या दिवशी मी वर गेले तर ओट्यावर, फरशीवर, खिडकीत भांडीच भांडी. ती मधे खाली बसली होती. डोळे लाल.

"ताई, परीक्षा दोन महिने," ती म्हणाली. "मी कधी वाचू? भांड्यात थोडं चालेल? अगदी छोटं?"

तिनं अगदी नेमकं विचारलं होतं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. मी म्हटलं, "थोडं कसं चालेल? लोक काय म्हणतील?"

माझ्याच सासरचं वाक्य. ते ऐकून ऐकून माझे कान किटले होते आणि तेच मी तिच्या गळ्यात बांधलं. मग शहाण्यासारखी तिच्याशेजारी बसून पीठ मळायला लागले.

आठवड्यानं सासूबाई जिना चढून वर आल्या. सुनेला रोज एवढा वेळ कशाला लागतो, ते बघायला. दारातच थबकल्या. "अगं बया! एवढा खटाटोप कुणासाठी?"

तिनं आपल्या तुटक्या मराठीत सांगितलं की ही परत द्यायची भांडी आहेत, रिकामी द्यायची नसतात.

"मग साखरंचे चार दाणे टाकायचे की! आमी तर तसंच करताव. हिनं सांगितलं न्हाय व्हय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पीठ मळत राहिले. तिनं हात धुतले, फ्रिजवरची वही काढली, ते जुनं पान उघडलं आणि दोन रेघांखाली एक ओळ लिहिली. मला एका शब्दानं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी रडून मोकळी तरी झाले असते.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत साखर फिरायला लागली. माझा पुन्हा एकच तास झाला. ती पुस्तकात मान घालून बसायची आणि मी जीव तोडून शिकवायचे, पण ते वरातीमागून घोडं होतं. ती नापास झाली. संस्थेनं त्यांना परत बोलावून घेतलं. एकाही आजारी बाईजवळ बसायला न मिळता ती जायला निघाली.

निघायच्या दिवशी सकाळी मी शेंगदाण्याचे लाडू करून वर डबा पाठवला. मीच न्यायला हवा होता, पण धीर झाला नाही. गाडी दारात लागली तेव्हा ती स्वतः खाली आली. डबा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "ताई, रिकामा नाही."

गाडी फाटकाबाहेर पडली. मी झाकण उघडलं. तळाशी साखरेचे चार दाणे होते. गल्लीतल्या बाकी सगळ्यांना दिले तेवढेच.

"काय दिलं गं म्याडमनं?" सासूबाईंनी विचारलं.

"साखर."

"चालतंय की," त्या म्हणाल्या, आणि फाटकाला आतून कडी घातली.