तिच्या मांडीवरचा बूट

"वन बूट, प्लीज."

मैदानात कुणा पोराचं डोकं आपटलं की ती धावत जायची, त्याचे डोळे बघायची, चार प्रश्न विचारायची आणि हात पुढे करून हे म्हणायची. स्वतःच्या लेकीला मात्र मराठीत, "एक बूट दे."

ऑस्ट्रेलियात, टार्निटमध्ये, आमचं आणि तिचं कुंपण एक. ती नागपूरची, वृद्धाश्रमात नर्स. रविवारी मुलांच्या फूटी क्लबात प्रथमोपचाराची पेटी घेऊन बसायची. तुम्ही फूटी पाहिली असेल तर ठाऊकच आहे, लंबगोल चेंडूसाठी पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या घेतात आणि डोक्यावर हेल्मेट नसतं. डोकं आपटलेलं पोर बाहेर बसवलं, तर पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गुपचूप परत आत पळतं. एका बुटावर कोण पळणार?

पोरं तिला 'बूट आंटी' म्हणत. काही आईबाप तोंड वाकडं करत. एकदा पोराला परत आत पाठवायला निघालेला एक धिप्पाड बाप म्हणाला, "ही'ज राइट, लव्ह!"

"नो वरीज," ती गोड हसली. "डॉक्टर सेज राइट, ही गेट्स बूट."

मग तो चिखलाने भरलेला बूट मांडीवर घेऊन, आत हात घालून ती मॅच संपेपर्यंत बसायची. "काय गं, मोजा शोधतेस का?" मी चिडवायचे.

"बस ना गपचूप," ती म्हणायची.

कोविडच्या दुसऱ्या वर्षी मॅचेस सुरू व्हायच्या आणि बंद पडायच्या. त्या रविवारी सकाळीच बातमी आली, संध्याकाळपासून पुन्हा लॉकडाऊन. म्हणजे या मोसमातली ही शेवटचीच मॅच. तिची लेक कॅप्टन होती. गुण बरोबरीत, आणि लेकीचं डोकं दुसरीच्या गुडघ्यावर आदळलं. पोरगी उठली, हसलीसुद्धा.

"एक बूट दे."

"मम्, आय ॲम फाइन! इट्स द लास्ट गेम!"

"असू दे. बूट दे."

"अगं, धडधाकट दिसतेय की पोरगी," मी मध्ये पडले. "थोडाच वेळ उरलाय."

"धडधाकट आहे हे कोण म्हणते? तू की डॉक्टर?"

पोरीने बूट काढला आणि आईच्या अंगावर फेकला. आम्ही हरलो. लेक आईकडे पाठ करून गाडीत बसली.

घरी पोचेपर्यंत तिला दोनदा उलटी झाली.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि स्क्रीन बंद केली. सगळ्या मैत्रिणी स्क्रीनवर भेटत होत्या, आणि हिच्या खोलीचे पडदे दिवसभर ओढलेले. शिफ्टला जाताना आई कुंपणापाशी थांबून मला सांगायची, "आज डोकं जरा कमी दुखलं." बूट तिच्या गाडीत पुढे काचेपाशी पडून होता. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तो हलणार नव्हता.

अखेर डॉक्टर हो म्हणाले. तिने अंगणात लेकीसमोर बूट ठेवला. पोरीने पाय घातला, ओढला, नाचली, पण टाच काही आत जाईना. तेवढ्या दिवसांत पाय वाढला होता.

"यू कॅन कीप इट, मम्," म्हणत पोरगी खदखदून हसली. कितीतरी दिवसांनी तिचं हसू कुंपणापलीकडे आलं. आईही हसली, आणि मग तोंडावरचा मास्क काढून त्यानेच डोळे पुसत बसली.

पुढच्या वर्षी नवऱ्याच्या नोकरीपायी ते पर्थला गेले. जाताना पेटी तिने माझ्या हातात दिली. "तुला जमते," म्हणाली.

पहिल्याच रविवारी एक मुलगी डोकं धरून खाली बसली. "वन बूट, प्लीज," मी म्हटलं. तिने रडत रडत दिला. मी तो मांडीवर घेतला आणि नकळत माझा हात आत गेला.

बूट आतून गरम होता. मला तिची फार आठवण आली. तो पार गार झाला तरी मी हात बाहेर काढला नाही.