बोडीचा तळ

माझं पोट समुद्राच्या तळावर चालतं. कोकण किनाऱ्यालगत बोटीवरून पाण्यात आवाज सोडायचा, तळावर आपटून तो कसा परत येतो ते ऐकायचं आणि खडक, वाळू, चिखल असे रंग भरून तळाचा नकाशा करायचा. गोंदियाकडच्या बाईनं हा धंदा करावा, याचं बोटीवर सगळ्यांना हसू येतं. समुद्र नसला तरी पाण्याच्या तळाची अक्कल आमच्या घराण्यात आहे. पाळ घालून अडवलेल्या छोट्या तलावाला आमच्याकडे बोडी म्हणतात, आणि गावची बोडी माझ्या पणजोबांनी बांधली.

आमच्या कामात एक नियम आहे. आवाज काहीही सांगो, तळाची मूठभर माती वर काढून बोटांत चोळल्याशिवाय नकाशात रंग भरायचा नाही. नव्यानं आलेल्यांना मी हे दरडावून सांगते.

तीन वर्षांपूर्वी गावानं बोडीतला गाळ काढायचं ठरवलं आणि किती खोल खोदायचं ते मला विचारलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सुट्टीत छोटं यंत्र घेऊन आले, डोंग्यात बसून बोडीभर फिरले आणि सांगून टाकलं, सात फूट गाळ आहे, बिनधास्त काढा.

बाबा पाळीवर उभे होते. "मातीले हात तं लाव आधी."

"बाबा, मी समुद्र मोजते."

"मंग इथंच काऊन घाई करून राहिली?"

मी हसले. घरच्या बोडीची कसली खात्री करायची?

उन्हाळ्यात मशीननं सात फूट खोदलं. गाळ चारच फूट होता. खालची तीन फूट चिकणमाती होती, पणजोबांनी म्हशी फिरवून तुडवून बसवलेली, पाणी धरून ठेवणारी. यंत्राला दोन्ही मऊच. बोटांना फरक लगेच कळला असता. मी तेव्हा बोटीवर होते. बाबांनी मशीन अडवलं, तर लोक म्हणाले, "तुमच्याच पोरीनं सांगतलं ना!" बाबा बाजूला झाले. मला सगळ्यात जास्त हेच टोचतं.

पावसाळ्यात बोडी तुडुंब भरली आणि दसऱ्याच्या आत मुरमातून झिरपून रिकामी झाली. बोडीच्या पाण्यावरचं धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला आलं होतं, ते उभ्या उभ्या वाळलं. दिवाळीला मी घरी गेले तेव्हा मला कोणी वाकडा शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

बाबा घरी नव्हते. मी बोडीवर गेले. पाळीकडेला फेकलेली चिकणमाती टोपल्यानं परत तळात ओतून ते ती पायांनी तुडवत होते. पंचाहत्तरीचा माणूस, एकटा. मला रडू आवरेना.

"बाबा, कायले करता? एकट्यानं होणार आहे का हे?"

त्यांनी वर पाहिलंही नाही.

"चपला काढ," ते म्हणाले.